सूर्याच्या फोटोला आप्त कोण?

तर्कशास्त्र शिकवताना शब्दप्रमाणाचा, म्हणजे आप्ताच्या शब्दाला ज्ञानाचं साधन मानण्याचा, तास मला विशेष आवडायचा. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त, असं वात्स्यायन न्यायभाष्यात म्हणतो. ऋषी असो, आर्य असो, म्लेच्छ असो, लक्षण तेच. निवृत्तीनंतर सांगलीच्या गच्चीवरून सूर्याचे फोटो काढायला लागले आणि हाच प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला: शिकायचं कुणाकडे पाहून?

जाणत्यांचा फोटो आपल्या फोटोशेजारी ठेवून पाहिला की हातातली कामं लवकर सुधारतात. फिल्टर कायम दुर्बिणीच्या तोंडावर लावायचा. जमीन तापायच्या आत उरकायचं. हजारो फ्रेम्समधून हवा थबकलेल्या तेवढ्या निवडून एकावर एक रचायच्या, आणि चित्रीकरण मिनिटभरात संपवायचं, कारण सूर्याच्या पृष्ठभागावर उकळणाऱ्या वायूचे ठिपके, ज्यांना कण म्हणतात, ते दहा-एक मिनिटांत विरतात. खरी अडचण पुढे आहे. रचलेल्या चित्राला सॉफ्टवेअरने धार आणताना थांबायचं कुठे? धार वाढवत गेलं की कणांचे धागे होतात, धाग्यांची जाळी होते, आणि ती सुंदर दिसते.

या ठिकाणी मला जेम्स नॅस्मिथ आठवतो. वाफेचा घण बनवणारा हा इंग्लंडमधला इंजिनिअर. १८६०च्या सुमारास त्याने सांगितलं, की सूर्याचा पृष्ठभाग विलोच्या पानांसारख्या लांबट आकृत्यांनी विणलेला आहे. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने ते मानलंच, शिवाय त्या आकृत्या सजीव असाव्यात असा तर्कही केला. तीक्ष्ण नजरेबद्दल ख्याती असलेल्या निरीक्षक विल्यम डॉजला मात्र तशी पानं दिसेनात. पुढे फ्रान्समधल्या मदोंच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने अतिशय कमी एक्स्पोजरचे फोटो घेतले आणि त्यांत कणच उमटले. नॅस्मिथ खोटारडा नव्हता. त्याने स्वतः पाहिलं होतं, पाहिलं तसंच सांगायची त्याची इच्छा होती. तरी पानं नव्हती. म्हणजे सांगणारा प्रामाणिक असून पुरत नाही. त्याच्या साधनाला कुठवर दिसू शकतं, हेही विचारावं लागतं.

माझी दुर्बीण ८० मिलिमीटरची. तिला सुमारे दीड कंससेकंदाहून बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही. सूर्यावर तेवढं अंतर म्हणजे अकराशे किलोमीटर, जवळजवळ एका कणाएवढं. तेव्हा माझ्या चित्रात त्याहून बारीक धागा निघाला तर तो सूर्याचा नाही, माझ्या हौसेचा आहे. छायाचित्रकार थिएरी लेगोने २००६ मध्ये सूर्यबिंबासमोरून जाणारं अवकाश स्थानक आणि त्यापासून नुकतंच सुटलेलं अटलांटिस यान एकाच फोटोत टिपलं. तसल्या चित्रांचा अभ्यास मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण यानाचा आकार आपल्याला दुसरीकडून ठाऊक असतो. धार जास्त झाली तर त्याच्या कडा ते आधी सांगतात. सूर्याच्या कणांना अशी साक्ष देता येत नाही.

मग सूर्याचे फोटो काढणारा बफेलोचा अ‍ॅलन फ्रीडमन आप्त ठरतो का? तो सूर्यबिंबाचा उजेड-अंधार उलटा करतो. बिंबावरचे काळे तंतू पांढरे होतात. कॅमेरा बहुधा कृष्णधवलच असतो, नारिंगी रंग मागाहून भरलेला. काहींना यात फसवणूक दिसते. मला दिसत नाही. विठोबाला पोशाख चढवल्याने मूर्ती बदलत नाही, आणि पोशाख आहे हे दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. फ्रीडमनही आपण काय केलं ते लपवत नाही. नसलेला धागा काढणं म्हणजे मात्र मूर्तीवर छिन्नी चालवणं, आणि तेही पुजाऱ्याने. रोज सूर्याला अर्घ्य देणाऱ्या घरात मी वाढले, म्हणून असेल, पण मला ते सहन होत नाही.

फ्रीडमनच्या चित्रांत बिंबाच्या काठावर ज्या ज्वाला उभ्या असतात, त्या ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात नीट दिसतात. माझ्या साध्या सोलर फिल्ममधून त्या दिसायच्या नाहीत, म्हणून ताडून पाहायची सोय नाही. त्यांच्यापुरता माझ्याकडे फ्रीडमनचा शब्दच आहे, आणि तो मी मानते.