कोणती भाषा वाचवायची?

आम्ही पंढरपूर तालुक्यातील करकंबची माणसे. घरात दखनी बोलतो, शाळेत आणि बाजारात मराठी, नमाजात अरबी. जनगणनेवाल्याने मातृभाषा विचारली, की आमच्यातले बरेचजण उर्दू सांगून मोकळे होतात. त्याने कुणाचे फारसे बिघडत नाही. पण एक जागा अशी आहे, जिथे हे उत्तर महागात पडू शकते : मेंदूच्या शस्त्रक्रियेचे टेबल.

भाषेच्या केंद्राजवळ गाठ असेल तर रुग्णाला जागे ठेवून ती काढतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया होतात. भुवईच्या वर, कानाजवळ, मानेच्या मागे, डोक्याच्या कातडीला जाणाऱ्या नसांपाशी औषध टोचून तेवढाच भाग बधिर करतात. मेंदूला स्वतःला वेदना नसतेच. मग सर्जन सौम्य विजेने एकेक जागा तपासतात आणि रुग्णाला चित्र दाखवून विचारले जाते, हे काय? शब्द अडला, की ती जागा राखायची.

ओजेमान आणि व्हिटेकर यांनी १९७८ साली दोन भाषा बोलणाऱ्या रुग्णांविषयी लिहिले. मेंदूतल्या काही जागा दोन्ही भाषांच्या सामाईक निघाल्या, काही एकीच्याच. म्हणजे एक भाषा तपासली म्हणून दुसरी वाचेलच असे नाही.

मग आमची कोणती तपासायची? डॉक्टरांनी नाव वाचून उर्दू ठरवली, तर ज्या मराठीत आम्ही हिशेब करतो, भांडतो, लिहितो ती उघड्यावर पडेल. आम्ही अभिमानाने नुसती मराठी सांगितली, तर अम्मीशी बोलायचे शब्द धोक्यात येतील. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी आमची आहे, हे आम्ही तेव्हापासून ठासून सांगत आलो. ते खरेच आहे. पण ते जगाला दिलेले उत्तर होते. इथे जग विचारत नसते.

माँट्रियलचे डॉक्टर पेनफिल्ड जाग्या रुग्णाच्या मेंदूला वीज लावून त्याचा हात हलवीत. रुग्ण म्हणे, हे मी केले नाही, तुम्ही केलेत. कवटी उघडी असतानाही माणूस आपले आणि परक्याचे वेगळे ओळखतो. म्हणून आम्हाला वाटते, निवड त्याचीच. डॉक्टरांनी नावावरून ठरवू नये, विचारावे. जमेल तिथे दोन्ही भाषा तपासाव्यात. आणि रुग्णाने जमातीची शान किंवा शेजाऱ्याची मर्जी न पाहता खरे सांगावे.

एवढे खरे बोलायला कवटी उघडण्याची वाट कशाला पाहायची? जनगणनेवाला पुन्हा दारात येईलच.