पद गेल्यानंतरचा माणूस

मनुष्याची थोरवी त्याच्या पदावरून मोजण्याची समाजाची संवय फार जुनी आहे. पद आहे तोंवर दारांत गर्दी. पद गेलें कीं मनुष्य तोच, बुद्धीही तीच, पण दारापुढें शुकशुकाट. पुष्कळांना हा पालट इतका जड जातो कीं, उरलेलें आयुष्य ते गेलेल्या मानाची उजळणी करण्यांतच घालवितात. यावरून दोन प्रश्न उपस्थित होतात. मोठ्या पदावरून उतरलेल्या मनुष्यानें लहान काम पत्करण्यांत त्याची मानहानि आहे काय? आणि ज्याला मिळवावयाचें कांहीं उरलें नाहीं, त्यानें दाखविलेल्या धैर्याचें मोल किती धरावें? अमेरिकेचे सहावे अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या चरित्राच्या आधारें या प्रश्नांचा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

ॲडम्स यांचा जन्म १७६७ सालचा. वडील जॉन ॲडम्स हे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष. यूरोपांत अनेक दरबारीं वकिलात आणि नंतर आठ वर्षें परराष्ट्रमंत्रिपद, अशा पायऱ्या चढत ते १८२५ सालीं अध्यक्ष झाले. परंतु तें यश निर्मळ नव्हतें. १८२४ च्या निवडणुकींत जॅक्सन यांना ९९ व ॲडम्स यांना ८४ मतें पडलीं होतीं. कोणासच बहुमत नसल्यामुळें निवड प्रतिनिधिसभेकडे गेली, व तेथें ॲडम्स विजयी झाले. पुढें त्यांनीं आपल्याला साह्य करणाऱ्या क्ले यांनाच परराष्ट्रमंत्री केलें, आणि सौदेबाजीचा डाग त्यांच्या कारकीर्दीला कायमचा लागला. रस्ते, कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा असे त्यांचे मनोरथ मोठे होते. त्यांतील फार थोडे सिद्धीस गेले. १८२८ सालीं जॅक्सन यांनीं त्यांचा पराभव केला. पुढच्याच वर्षीं वडील मुलगा बुडून मरण पावला. बासष्टीच्या घरांत आलेल्या या गृहस्थानें कोपऱ्यांत बसून दैवाला दोष दिला असता, तर त्यांत कोणास नवल वाटलें नसतें.

तसें झालें नाहीं. १८३० सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील मतदारांनीं त्यांना प्रतिनिधिसभेवर निवडून दिलें. घरच्यांना हें रुचलें नाहीं. पण लोकांचे प्रतिनिधि म्हणून, किंबहुना गांवच्या कारभारी मंडळांत बसून सेवा केल्यानेंही कोणाची प्रतिष्ठा उणी होत नाहीं, असें त्यांचें मत होतें. अध्यक्षपद भोगून नंतर त्या सभेंत बसलेले ते आजवरचे एकमेव गृहस्थ आहेत.

सभेंत त्यांनीं हातीं घेतलेलें कार्य दिसण्यांत क्षुद्र होतें. गुलामगिरी बंद करा अशी मागणी करणारे नागरिकांचे अर्ज ते सभेपुढें मांडीत. १८३६ सालीं सभेनें ठराव केला कीं, असे सर्व अर्ज विचारार्थ न घेतां बाजूस ठेवावे. हा ठराव म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, असें म्हणून ॲडम्स यांनीं आठ वर्षें झुंज दिली. १८३७ मध्यें २२ गुलामांच्या नांवचा एक अर्ज हातीं घेऊन, यालाही हा नियम लागू आहे काय, असें त्यांनीं सभापतीला विचारलें. सभागृह खवळलें, त्यांचा निषेध करण्याच्या सूचना आल्या. आणि मग उघड झालें कीं, तो अर्ज गुलामगिरी बंद करूं नये अशा मागणीचा होता! अखेर १८४४ च्या डिसेंबरांत त्यांच्याच सूचनेवरून तो नियम रद्द झाला.

याच काळांत ‘आमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकी लोकांचा खटला उद्भवला. बेकायदा पकडून क्यूबांत आणलेल्या या लोकांनीं १८३९ सालीं बंड करून जहाज ताब्यांत घेतलें होतें. त्यांना स्पेनच्या हवालीं करावें असा अमेरिकन सरकारचा आग्रह होता. तीस वर्षांहून अधिक काळ सर्वोच्च न्यायालयांत उभे न राहिलेले ॲडम्स १८४१ सालीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, त्यांच्या बाजूनें दोन दिवस बोलले. न्यायालयानें त्या लोकांना स्वतंत्र ठरविलें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. हाच मनुष्य अधिकारावर असतां काय करीत होता? खाजगी दैनंदिनींत तो गुलामगिरीची निंदा करी. पण जाहीरपणें बहुधा मौन पाळी. इतकेंच नव्हे, तर इंग्रजांनीं युद्धांत नेलेल्या गुलामांबद्दल मालकांना भरपाई मिळावी म्हणून त्यानें सरकारतर्फे खटपटही केली होती. मग उतारवयांतला हा आवेश म्हणजे पराभवाचा सूड तर नव्हे?

आम्हांस तसें वाटत नाहीं. सूडानें पेटलेला मनुष्य आपल्या बाजूच्यांचीच कड घेतो. तत्त्वनिष्ठ मनुष्य विरुद्ध मताच्यांचीही घेतो. १८४२ सालीं गुलामगिरीला विटलेल्या कांहीं नागरिकांनीं संघराज्यच मोडा असा अर्ज केला. ॲडम्स यांना ती मागणी अमान्य होती. ती कां मान्य होऊं नये याचीं कारणें देऊन उत्तर द्यावें, अशी सूचना करून त्यांनीं तो अर्ज मांडला. त्यापायीं त्यांच्यावर निषेधाचा ठराव आला, आणि सुमारें दोन आठवडे आपला बचाव करून त्यांनीं तो हाणून पाडला. जिवाच्या धमक्यांचीं पत्रें येत होतीं. गमावण्यासारखें कांहीं नसलेल्या मनुष्याचें हें चित्र नव्हे.

तरीही पूर्वीच्या मौनाची जबाबदारी यामुळें पुसली जात नाहीं. तें मौन ज्यांच्यासंबंधानें पाळलें गेलें, त्यांना तीं वर्षें बेड्यांत काढावीं लागलीं. ‘नोकरी संपूं द्या, मग बोलूं’ असें म्हणणारे आमच्या सुशिक्षित वर्गांत थोडे नाहींत. आम्ही शिक्षकही त्यास अपवाद नाहीं. ॲडम्स यांचें चरित्र अशांना दिलासा देतें आणि टोंचतेंही. उशीरां बोललेलें सत्य निष्फळ नसतें. परंतु उशीराची किंमत बोलणाऱ्यापेक्षां दुसराच कोणी मोजीत असतो.

२१ फेब्रुवारी १८४८ रोजीं सभेंत आपल्या जागींच ते कोसळले, आणि दोन दिवसांनीं त्याच इमारतींत त्यांचें देहावसान झालें. त्या सभेंत त्या वेळीं लिंकन नांवाचे एक नवखे सभासद होते. पुढें १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. अध्यक्ष म्हणून ॲडम्स यांचें नांव इतिहासांत आहेच. पण आदरानें त्यांचें स्मरण होतें तें त्या साध्या आसनासाठीं. पद मनुष्याला उंची देत नाहीं. फार तर उभें राहावयास जागा देतें. उभें राहावयाचें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.