अनेकांचे ज्ञान आणि यंत्राचे एकवचन

ज्ञान अनेकांनी मिळून रचावे आणि ते यंत्राला उमगेल अशा रूपात मांडावे, या दोन आकांक्षांची मुळे भिन्न आहेत. पहिलीला 'क्राउडसोर्सिंग' हे नाव जेफ हाऊ यांनी २००६ मध्ये दिले. प्रथा मात्र जुनी आहे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी एकोणिसाव्या शतकातच स्वयंसेवी वाचकांनी अवतरणांच्या असंख्य चिठ्ठ्या पाठविल्या होत्या. दुसरी आकांक्षा 'सिमँटिक वेब'ची. टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी २००१ मध्ये तिचे प्रतिपादन केले. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटामध्ये या दोहोंचा संगम झाला. कोणीही भर घालावी, कोणीही दुरुस्ती करावी, असा हा संग्रह आज १० कोटींहून अधिक नोंदींचा आहे. या संगमातून निर्माण होणारा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो; वस्तुतः तो अर्थमीमांसेचा आणि नीतीचा आहे. अनेकांच्या ज्ञानात अपरिहार्यपणे असणाऱ्या मतभेदाचे यंत्राच्या भाषेत काय होते?

या भाषेचे एकक म्हणजे त्रिपदी विधान : वस्तू, गुणधर्म आणि मूल्य. 'भावार्थदीपिका, कर्ता, ज्ञानेश्वर' हे असे एक विधान होय. भर्तृहरीच्या मते वाक्य अखंड असते; त्यातून पदे वेगळी काढणे हा 'अपोद्धार', म्हणजे व्युत्पादनासाठी केलेली सोय. त्या दृष्टीने त्रिपदी विधान ही अपोद्धाराची परिसीमा ठरते. विधान कोणी केले, कोणत्या वादात केले, कोणाचे खंडन करण्यासाठी केले, हे सारे त्या तीन पदांबाहेर राहते.

विकिडेटाच्या रचनेत या उणिवेची दखल घेतलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. तेथे विधानाला आधार जोडता येतो, परस्परविरोधी मूल्ये शेजारी शेजारी नांदू शकतात आणि त्यांना पसंतीचा, सामान्य वा त्याज्य असा दर्जा देता येतो. अर्थात 'असे आहे' यापेक्षा 'असे अमुक आधारानुसार म्हटले जाते' ही तेथील भूमिका आहे. पूर्वपक्ष जतन करणाऱ्या शास्त्रपरंपरेला ती परकी वाटू नये.

तथापि काही मतभेद विधानाच्या आधीच उभे राहतात. ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता ज्ञानदेव एकच की भिन्न, हा 'भारद्वाज' यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपस्थित केलेला वाद घ्यावा. येथे विवाद्य आहे ते कोणाच्या गुणधर्माचे मूल्य नव्हे, तर व्यक्तीचे एकत्वच. संग्रहात मात्र प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळखक्रमांक द्यावा लागतो. क्रमांक एक द्यावयाचा की दोन? दोन देऊन 'ही तीच वस्तू असल्याचे म्हटले जाते' असा संबंध नोंदविण्याची सोय आहे. परंतु कवींची गणना मागताच यंत्राला एक किंवा दोन मोजावेच लागतात. संशयाला तेथे संख्या नाही.

खरी अडचण उत्तराच्या क्षणी प्रकट होते. एखाद्या विधानाला पसंतीचा दर्जा मिळालेला असेल, तर साध्या पृच्छेला तेवढेच हाती येते. पर्यायी मते आणि आधार मुद्दाम मागावे लागतात. शिवाय ही सामग्री सर्व हक्क सोडून दिलेली असल्याने आधाराचा उल्लेख करण्याचे कायदेशीर बंधन वापरणाऱ्यावर नाही. मतभेद नष्ट होत नाही; तो भांडारात सुरक्षित राहतो, पण ऐकू येत नाही.

छापील कोशही संक्षेपच करतो, असा आक्षेप यावर घेता येईल. तो रास्त आहे. किंबहुना येथे प्रत्येक बदलाचा इतिहास उपलब्ध असतो, आणि ही पारदर्शकता छापील कोशात नव्हती. पण महाराष्ट्रीय ज्ञानकोशातील निवडीबद्दल श्री. व्यं. केतकर या संपादकाला जाब विचारता येत होता. अनेकांच्या संग्रहात प्रत्येक अक्षराचा कर्ता सापडतो, समग्राचा उत्तरदायी सापडत नाही. म्हणून ते उत्तरदायित्व, अंशतः तरी, विचारणाऱ्याकडे सरकते. यंत्राकडून उत्तर घेऊन जो अभ्यासक त्यामागील विरोधी विधाने मागत नाही, तो अनेकांच्या श्रमाचे फळ घेतो आणि त्यांचा वाद तेवढा मागे टाकतो. कायद्याने माफ केलेले हे ऋण ज्ञानव्यवहाराने माफ केलेले नाही.