शटरवर लावायचा कागद

एक छापखाना होता. तिथे लग्नपत्रिका छापत. गिऱ्हाइकं वधूवरांचे फोटो वेबसाइटवरून पाठवत. ती वेबसाइट एक जुने जाणते काका सांभाळत, आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगा काम शिकत होता.

एकदा तक्रार आली, मोठे फोटो चढत नाहीत. पीएचपी मुळात 2 एमबीपर्यंतचीच फाइल घेते. मुलाने सर्व्हरवरच्या पीएचपी.आयएनआय फाइलमध्ये 2चे 6 केले, अपाची पुन्हा सुरू केला. तरी फोटो चढेना.

मग त्याने वेबसाइटच्या फोल्डरात इन्फो.पीएचपी नावाची एका ओळीची फाइल टाकली. ब्राउझरमध्ये ती उघडताच पीएचपीने आपली सगळी कुंडली मांडली. वरच लिहिलं होतं, वेबसाइट वाचते ती आयएनआय 'अपाची2' फोल्डरातली. मुलाने बदलली होती 'सीएलआय'मधली, म्हणजे कमांड लाइनची. त्याने बरोबर फाइल बदलली. फोटो चढला. मुलगा खुशीत घरी गेला. इन्फो.पीएचपी तिथेच राहिली.

आठ दिवसांनी काका सर्व्हरचा लॉग चाळत होते. रात्री पावणेतीनला कुणीतरी परक्या पत्त्यावरून एकेक नाव मागून पाहिलं होतं. टेस्ट.पीएचपी: 404, म्हणजे नाही. पीएचपीइन्फो.पीएचपी: 404. इन्फो.पीएचपी: 200. पान मिळालं होतं.

काका रागावले नाहीत. त्यांनी ते पान छापून काढलं, कागदांचा गठ्ठा मुलाच्या हाती दिला, वर खळीची वाटी ठेवली.

"जा, बाहेर शटरवर चिकटव."

मुलगा निघाला. चालता चालता वाचू लागला. पीएचपीची आवृत्ती, फोल्डरांचे पत्ते, चालू असलेली एक्स्टेन्शन्स. मग तो थबकला. डेटाबेसचा पासवर्ड अपाचीच्या सेटिंगमध्ये ठेवलेला होता. तो कागदावर जसाच्या तसा उमटला होता.

मुलगा माघारी आला. "काका, हे कसं चिकटवू? येणारा-जाणारा वाचेल."

"आठ दिवस चिकटवलेलंच आहे," काका म्हणाले.

मुलाने आधी फाइल पुसली. मग पासवर्ड बदलला. मग मालकाला जाऊन सगळं सांगितलं. हे तिसरं काम सर्वांत अवघड, पण तेही केलं.

महिन्याभराने फोटो लहान करताना वेबसाइट अडू लागली. मेमरी किती मिळते ते पाहायचं होतं. मुलाने आधी कमांड लाइनला विचारलं. उत्तर आलं, उणे एक, म्हणजे मर्यादाच नाही. पण वेबसाइटची आयएनआय वेगळी, हे तो आता विसरणार नव्हता. त्याने पुन्हा एका ओळीची फाइल केली. या वेळी ती फक्त छापखान्याच्या आयपी पत्त्यावरून उघडेल असं बंधन घातलं, आणि सगळी माहिती न मागता फक्त कॉन्फिगरेशनचा भाग मागितला. 128 एमबी, पान म्हणालं. त्याने आकडा वहीत टिपला, फाइल पुसली, आणि तोच पत्ता ब्राउझरमध्ये पुन्हा टाकला.

404.

काकांनी मान हलवली आणि पुढचं काम दिलं.

आपल्याला पाहायला म्हणून उघडलेलं पान जगालाही उघडं असतं. तुमच्या सर्व्हरवर अशी एखादी फाइल राहिली असेल, तर आजच पुसा.