अकरा पानं, आणि बाबा कुठे?

बस. वही मिटू नकोस, उघडीच राहू दे. अकरा पानं वाचली मी, दोनदा. 'काळजाच्या जखमा' चार वेळा आल्यात, 'आठवणींचा हिंदोळा' तीन वेळा. 'अश्रू' मोजायचे सोडून दिले. आणि बाबा? चहा बशीत ओतून प्यायचे की कपाने? कामावरून आले की आधी कुणाला हाक मारायचे? रागावले की आवाज चढायचा की बसायचा? एक अक्षर नाही. ही पानं कुणाच्याही बापाच्या फोटोखाली लावून टाक, चालतील!

गेल्या शनिवारी चपला घालता घालता तू म्हणालास, "बाई, त्यांचा शेवटचा फोन मी कापला होता." ते वाक्य वहीत का नाही? लाज वाटली? मग ती लाज लिही.

लिहिलं की मन हलकं होतं, असं ऐकून आलास ना इथे? नुसतं भडाभडा ओकून होत नाही ते. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांचा 1986 साली छापून आलेला प्रयोग वर्गात समजावला, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. पुन्हा सांगते. विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या मोठ्या घावाबद्दल लिहायला लावलं. काहींनी फक्त घटना लिहिली, काहींनी फक्त भावना. काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, हे दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. लिहून उठताना मात्र त्यांचं मन जडच होतं. तुला ते जडपण नको आहे. म्हणून हिंदोळे!

आणि वेळ नाही म्हणून कुरकुरू नकोस. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळत, नवऱ्यापासून लपवून लिहीत होत्या. वर्षानुवर्षं त्या वह्या दडवलेल्या होत्या. 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मकथन काढून वाच. गावाने केलेला जाच त्यात आहेच, पण सुनांना छळणारी त्यांची स्वतःची माणसंही आहेत. झाकलं नाही त्या बाईने. तू स्वतःला झाकतोस, म्हणून बाबाही झाकले गेलेत.

आज रात्री त्या फोनपासून सुरू कर. किती वाजले होते, हातात काय होतं, का कापलास. 15 मिनिटं झाली की पेन खाली. झोप लागली नाही तर ताईला उठव, एकटा कुढत बसायचं नाही, कळलं? शनिवारी चार दिवसांचं लिखाण घेऊन ये. शुद्धलेखन बघणार नाही मी.

ही अकरा पानं फाडून दे इकडे.