नागासाकीचे रक्तसाक्षी

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रूसावर चढविण्यात आले, त्यांत एक आपल्या वसईचा होता, हे महाराष्ट्रातील सुशिक्षितांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असावे. पोर्तुगीज पिता आणि इकडची माता यांच्या पोटी जन्मलेला हा गोन्सालो गार्सिया प्रथम जेझुइटांच्या सेवेत जपानला गेला, पुढे व्यापारात पडला, आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल होऊन १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी या नात्याने पुन्हा त्याच देशी आला.

जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने क्योतो येथे या बंदिवानांच्या डाव्या कानांचा भाग कापला गेला, आणि वाटेवरच्या रयतेला जरब बसावी म्हणून ऐन हिवाळ्यात त्यांची धिंड काढीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. तेथे खिळे ठोकले नाहीत. लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी जखडून क्रूस उभे केले, आणि मग दोन्ही कुशींतून भाले खुपसले. बारा वर्षांच्या लुदोविको इबाराकीने आपला क्रूस कोणता, एवढेच विचारून घेतले. सामुराई कुळातला पॉल मिकी क्रूसावरूनच उपदेश करीत राहिला, आणि या वधाची आज्ञा देणाऱ्या हिदेयोशीला आपण क्षमा केली आहे, असे त्याने सर्वांच्या देखत सांगितले.

या मरणाने सिद्ध काय झाले? त्यांचा धर्म सत्य ठरला असे म्हणता येत नाही, कारण परस्परविरुद्ध मतांसाठी माणसे तितक्याच धैर्याने मेलेली आहेत. शिवाय मिशनऱ्यांच्या मागोमाग परकी सत्ता येईल, ही हिदेयोशीची भीतीही सर्वस्वी निराधार नव्हती: फिलिपाईन्स स्पेनच्या अमलाखाली गेले होते, आणि खुद्द जपानात ओमुरा सुमितादा या ख्रिस्ती सरदाराने आपल्या मुलखातील बौद्ध व शिंतो देवस्थाने पाडविली होती. आणि आम्हां कोकणच्या माणसांना तर याहून जवळचे स्मरण आहे. ज्या धर्मसंस्थेची माणसे निशिझाकावर मेली, तिनेच १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचा दरबार मांडला होता. देवळे पाडली गेल्याने पेटलेल्या गोव्यातील कुंकळ्ळी गावात १५८३ साली पाच जेझुइट मारले गेले, तेव्हा ते चर्चच्या दप्तरी हुतात्मे म्हणून नोंदले गेले. परंतु त्यानंतर असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दग्याने कापून काढलेल्या गावकऱ्यांना त्या दप्तरात जागा मिळाली नाही.

हे सारे मनात ठेवूनही गार्सियापुढे माझे मस्तक नमते, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही. निशिझाकावर त्याच्या हाती ना तलवार होती, ना फौज, ना कोणाचे देऊळ पाडण्याचा अधिकार. होता तो केवळ आपली श्रद्धा सोडण्यास नकार. राजसत्ता शरीर, वतन, कुटुंब, सर्व काही जप्त करू शकते, पण माणसाने अंतःकरणात कोणाला वंदन करावे याविषयी तिचा हुकूम चालत नाही, हे त्या सव्वीस जणांनी देहाची किंमत देऊन दाखविले. आणि एकदा हे मान्य केले, की गोव्यातील इन्क्विझिटरचा हुकूमही त्याच न्यायाने रद्द ठरतो. म्हणूनच माझ्या मते हुतात्मा हा ज्याच्यासाठी मेला त्या संस्थेच्या मालकीचा नसतो, आणि कुंकळ्ळीचा गावकरी व वसईचा गार्सिया यांच्याविषयी एकाच हृदयात आदर नांदू शकतो.

नववे पायस पोप यांनी १८६२ मध्ये त्या सव्वीस जणांना संतपद दिले, तेव्हाही जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी होतीच. नागासाकीजवळच्या उराकामी गावचे शेतकरी, ज्यांचे पूर्वज दरवर्षी अधिकाऱ्यांसमोर ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवीत आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, ते तेव्हा गुप्तपणे तोच धर्म पाळीत होते. १८६७ पासून त्यांची धरपकड सुरू झाली, आणि पुढे तीन हजारांहून अधिक माणसे घरादारांतून उठवून दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आली. बंदीचे फलक उतरले ते १८७३ मध्ये.