पैसा कोणाचा?

जबलपूरच्या एका लहान संस्थेचे अहवाल मी इंग्रजीत करून देतो. त्या निमित्ताने मागच्या वर्षी मंडल्याकडच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला बसलो होतो. शेळ्या, बियाणे, विहिरीची दुरुस्ती असे सगळे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने विचारले, "पैसा किसका है?" कार्यकर्त्याने युरोपातल्या एका देशाचे नाव घेतले. तिने पुन्हा विचारले, "उनको क्या चाहिए?" माझ्या अहवालात याचे उत्तर कुठेच नव्हते.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. पंडिता रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला तिने दहा वर्षे पैसा पुरवायचा, मात्र शाळेत धर्मप्रचार होऊ नये, अशी बोली होती. त्या बळावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी पुण्याला गेले. रानडे आणि भांडारकर सल्लागार होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात असे कळल्यावर 'केसरी'ने झोड उठवली. 1893 मध्ये सल्लागार बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

नंतर 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांत, म्हणजे आमचे जबलपूरही, त्यात होरपळला. रमाबाई या प्रांतात आल्या आणि सुमारे 300 मुली व बायका आपल्याबरोबर घेऊन गेल्या. केडगावच्या 'मुक्ती'त त्यांना घर मिळाले. पुढे तिथल्या बऱ्याच जणी ख्रिस्ती झाल्या.

उपाशी मुलीच्या होकाराला संमती म्हणायचे का? माझ्या मते नाही. नकार देण्याची सोय नसेल तिथे होकाराला फारसा अर्थ उरत नाही. त्यामुळे पुण्याची शंका मी खोटी मानत नाही. पण ज्याला दुसऱ्याच्या ताटाची शंका येते, त्याने शेजारी आपले ताट मांडायला हवे. तेवढे केले नाही तर त्या शंकेची किंमत मुलीलाच मोजावी लागते.

जवळचे दान आपोआप निर्मळ असते, असेही नाही. वार लावून जेवणाऱ्या गरीब मुलांच्या आठवणी आपण कौतुकाने सांगतो. तिथे देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत होते, हे खरेच. पण तो वार मिळायला जात पाहिली जाई आणि मुलगा असावे लागे. अट तिथेही होती. कागदावर नव्हती एवढेच.

परदेशी देणग्यांचा पहिला कायदा 1976 चा. 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने तो पैसा दुसरीला देणे बंद झाले. मोठ्या संस्थेमार्फत मिळणाऱ्या अशा पैशावर चालणाऱ्या लहान संस्थांचा तो झराच आटला. सरकारने हिशेब मागावा, देणाऱ्यानेही मागावा. ज्यांच्या नावावर पैसा येतो, त्यांना मात्र तो कोणी दाखवत नाही. अहवालात त्यांच्यासाठी 'लाभार्थी' असा शब्द आणि एक आकडा असतो.

म्हणून पैसा कुठून आला यापेक्षा हिशेब कोणापुढे वाचला गेला, ही कसोटी मला जास्त खरी वाटते. हिशेब ऐकणाऱ्याला तो खोडता आला पाहिजे, आणि पुढच्या वर्षी "हे नको" असे म्हणताही आले पाहिजे.

यंदाचा अहवाल मी आधी हिंदीत लिहिला आणि त्याच गावात वाचून दाखवला. शेळ्यांच्या आकड्याला म्हातारीने मला थांबवले. "चौदह नहीं, ग्यारह. तीन मर गईं." कार्यकर्ता खाली मान घालून बसला, चौदा शेळ्यांच्या यशावर पुढच्या अनुदानाचा अर्ज उभा होता.

इंग्रजी अहवालात मी अकरा लिहिले आणि तीन मेल्या हेही लिहिले. अनुदान चालू राहील की नाही, ते अजून कळलेले नाही.